टनांचा हिशेब, नगांची मागणी : उद्यमबागेतील एका फौंड्रीचे प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेतील एका मध्यम आकाराच्या फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्याच्या, मालकांनी दुसऱ्या इंडक्शन भट्टीसाठी (विजेवर लोखंड वितळवणाऱ्या भट्टीसाठी) कर्जाचा अर्ज तयार केला होता. अर्जाला जोडायचा तांत्रिक अहवाल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास म्हणून करावा, अशी त्यांची सूचना होती. अहवालात काय निघणार याविषयी त्यांना शंका नव्हती. ग्राहकाचा माल वेळेवर जात नाही, महिनाअखेरीला रात्रंदिवस भट्टी पेटती ठेवूनही शेड्यूल पुरे होत नाही, त्याअर्थी भट्टी अपुरी पडते आहे, हे त्यांच्या दृष्टीने उघड होते.

एमबीएच्या पहिल्या वर्षाला ऑपरेशन्स आणि पुरवठा साखळी हा विषय सुरू करताना मी हेच प्रकरण समोर ठेवतो. ते कोणा एका कारखान्याचे नाही. बेळगाव परिसरातील फौंड्र्यांत वेगवेगळ्या वेळी पाहिलेल्या गोष्टी एकत्र करून ते वर्गासाठी रचले आहे आणि हिशेब डोक्यात बसावा म्हणून त्यातील आकडे गोल धरले आहेत. अडचण मात्र खरी आहे, आणि उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक वसाहतींत काम केलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल.

बेळगावची जागा ओतकामाला सोयीची आहे. पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचे कच्चे लोखंड, कोप्पळ-होस्पेट भागातून येते किंवा घाटाखालच्या, गोव्यातील आमोण्याहून; स्क्रॅप स्थानिक आणि कोल्हापूर-पुण्याकडचे; आणि ओतलेला माल घेणारे पंप, ट्रॅक्टर व हायड्रॉलिक्सचे उद्योग काही गावातच, तर बरेचसे पुणे-बेंगळूर महामार्गाने कोल्हापूर आणि पुण्याकडे. म्हणजे पिग आयर्न पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून, ग्राहक उत्तरेकडे, आणि मध्ये राज्याची सीमा. या सीमेविषयी विद्यार्थी फार बोलतात. उशीर का होतो असे विचारले, की पहिले उत्तर हमखास तेच येते. पूर्वी त्यात तथ्य होते. केंद्रीय विक्रीकर, ‘सी’ फॉर्म आणि निपाणीपुढच्या तपासणी नाक्यावरची रांग यांत गाडीचा दिवस जाऊ शकत असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आले, आणि एरवीच्या दिवशी उद्यमबागेतून निघालेली गाडी काही तासांत कोल्हापूरच्या वसाहतीत उभी राहते. कोरोनाच्या काळात सीमेवर पुन्हा गाड्या अडल्या, पण तो अपवादाचा काळ होता. या प्रकरणातला माल गाडीत चढण्याआधी शेडमध्येच पंधरा दिवस पडून होता. तो का पडून होता, हा अभ्यासाचा विषय आहे.

आता शेडमध्ये काय चालते ते पाहू. वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी यांचे मिश्रण पॅटर्नभोवती (वस्तूच्या नमुन्याभोवती) दाबून मोल्डचे, म्हणजे साच्याचे, बॉक्स तयार होतात. ज्या वस्तूला आतून पोकळी हवी, तिच्यासाठी कोअर शॉपमध्ये वेगळे कोअर (वाळूचे गाभे) बनवून ते मोल्डमध्ये बसवले जातात. इंडक्शन भट्टीत पिग आयर्न, स्क्रॅप आणि मागच्या ओतकामाचे रनर-रायझर (साच्यात रस नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत गोठलेले लोखंड) वितळवून, रासायनिक घटक तपासून, चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला रस लॅडलने (मोठ्या पळीने) बॉक्समध्ये ओततात. बॉक्स थंड झाल्यावर फोडतात, शॉट ब्लास्टिंगने (पोलादी छऱ्यांच्या माऱ्याने) वाळू झाडतात, आणि मग माल फेटलिंगला जातो. तिथे रनर-रायझरचे उरलेले कोंब, दोन बॉक्सच्या सांध्यावर आलेली फिन, कोअरच्या पोकळीत अडकलेली वाळू, हे सर्व ग्राइंडर आणि छिन्नी-हातोड्याने साफ होते. त्यानंतर तपासणी, काही मालाचे शेजारच्या मशीन शॉपमध्ये जॉबवर्क, रंग आणि डिस्पॅच.

एका नगावर प्रत्यक्ष हात लागतो तो वेळ आणि थंड होण्याचे तास एकत्र धरले, तरी बेरीज दीड-दोन दिवसांपलीकडे जात नाही.

कार्यालयाच्या दाराशी एक काळा फळा होता. त्यावर रोज संध्याकाळी दोनच आकडे लिहिले जात: आज किती हीट (भट्टी एकदा भरून वितळवलेला रस म्हणजे एक हीट) झाल्या आणि महिन्याचे किती टन झाले. मालक आत येताना आधी फळ्याकडे पाहत. हा फळा मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटते.

फौंड्रीचा मुख्य ग्राहक तीन प्रकारची कास्टिंग (ओतीव नग) घेत होता. त्यांना अ, ब आणि क म्हणू. अ म्हणजे पंपाचा बेस, ४० किलोचा, कोअर नसलेला ठोकळा. महिन्याला १,५०० नग, म्हणजे ६० टन. ब म्हणजे पंपाचे केसिंग, १२ किलोचे, एका कोअरचे. ३,००० नग, ३६ टन. क म्हणजे हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी, जेमतेम ४ किलोची, पण आत आडव्या-उभ्या वाटा असलेली. ६,००० नग, २४ टन. एकूण १२० टन. महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले, तर रोज ४.८ टन चांगला माल बाहेर पडायला हवा.

पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांनी भट्टीचा हिशेब केला. ओतलेल्या रसापैकी ६० टक्के कास्टिंगमध्ये उतरतो, उरलेला रनर-रायझर म्हणून भट्टीत परत येतो. कास्टिंगपैकी ६ टक्के रिजेक्शन. तेव्हा १२० टन चांगल्या मालासाठी सुमारे २१३ टन रस लागतो, दिवसाला साडेआठ टन. एक टनाची भट्टी दोन पाळ्यांत १२ हीट देऊ शकते. याचा अर्थ भट्टीचा वापर ७१ टक्के आहे; जवळजवळ तीस टक्के क्षमता मोकळी आहे. एका विद्यार्थिनीने हा आकडा तीन वेळा पडताळला, कारण तिला तो मालकांना सांगायचा होता.

मालकांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, “मग पंचवीस तारखेनंतर भट्टीला श्वास घ्यायला वेळ का मिळत नाही?”

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर भट्टीपाशी सापडणारे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही फेटलिंगच्या शेडमध्ये उभे राहिलो.

फेटलिंगची शेड बहुतेक फौंड्र्यांत मागच्या बाजूला असते, आणि पाहुण्यांना दाखवायची जागा ती नसते. भट्टीभोवती लोक थांबतात, रसाचा रंग पाहतात, फोटो काढतात. फेटलिंगला फक्त आवाज आणि धूळ असते. इथे सात ग्राइंडर होते, दोन पाळ्या. कामगारांपैकी काही पिरनवाडी-मच्छे आणि खानापूरकडचे, बरेचसे बिहार-ओडिशाहून आलेले. काम ठेकेदाराकडे, आणि दर किलोवर. त्यांतले सर्वांत जुने कामगार, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांच्यासमोर एक विद्यार्थी घड्याळ घेऊन पूर्ण पाळी बसला. मामा क ची बॉडी डाव्या हाताने फिरवत, तिच्या चारही तोंडांत आळीपाळीने सळई घालत, वाळू झटकत, बोट घालून आतला खरखरीतपणा पाहत, आणि मगच ती ग्राइंडरला लावत. सांध्यावरची फिन नखाएवढी जाड होती. ती काढण्यातच निम्मा वेळ जाई. एका बॉडीला सरासरी १५ मिनिटे. शेजारच्या ग्राइंडरवर दुसरा कामगार अ चे बेस करत होता. दोन कोंब उडवले, कडा फिरवली, संपले: १० मिनिटे. ब ला १२ मिनिटे लागत.

किलोचा दर लक्षात घेतला, तर इथली सगळी गोष्ट उलगडते. दहा मिनिटांत ४० किलोची मजुरी मिळवून देणारा बेस समोर असताना, पंधरा मिनिटांत ४ किलोची मजुरी देणारी बॉडी कोण उचलेल? कामगारांचा यात काही दोष नाही. ज्या मापाने पैसे मिळतात त्याच मापाने माणूस काम निवडतो. बेस वरच्यावर उचलले जात आणि बॉड्या ढिगाच्या तळाशी जात. भट्टीवरही तेच. फळ्यावर टन दिसायला हवेत, म्हणून महिन्याच्या पहिल्या नऊ-दहा दिवसांत जवळजवळ सगळे बेस ओतून होत, आणि कोअरची कटकट असलेल्या बॉड्या मागे ढकलल्या जात.

आता मिनिटांचा हिशेब. सात ग्राइंडर, दोन पाळ्या, पाळीला प्रत्यक्ष ४०० मिनिटे: दिवसाला ५,६०० मिनिटे, महिन्याला १,४०,०००. मागणी पाहा. चांगल्या नगांनाच १५,००० अधिक ३६,००० अधिक ९०,००० म्हणजे १,४१,००० मिनिटे लागतात. पण रिजेक्ट होणारे नगही आधी फेटलिंग करून मगच तपासणीला जात होते, म्हणून खरी मागणी १,५०,००० मिनिटांची होती. क्षमतेच्या १०७ टक्के. वरची दहा हजार मिनिटे रविवारच्या ओव्हरटाइमने आणि बाहेर दिलेल्या कामाने कशीबशी भरून निघत.

टिळकवाडीचे रेल्वे गेट पडले, की अलीकडच्या रस्त्यावर कोण किती वेगाने आला याला अर्थ राहत नाही. ऑपरेशन्सच्या भाषेत या जागेला बॉटलनेक म्हणतात. मराठीत वर्गात मी ‘अडणीची जागा’ म्हणतो. संपूर्ण कारखान्याचा वेग त्या एका जागेच्या वेगाएवढाच असतो. तिथे गेलेले मिनिट पूर्ण कारखान्याचे गेले, आणि इतरत्र वाचवलेले मिनिट बहुधा कोणाच्याच उपयोगाचे नसते. दुसरी भट्टी आली असती तर अलीकडच्या रस्त्यावर आणखी गाड्या आल्या असत्या, इतकेच.

फरक किती मोठा आहे ते एका उदाहरणाने सांगतो. भट्टीने पूर्ण १२ हीट घेऊन दिवसभर फक्त अ ओतला, तर १८० बेस निघतात आणि फेटलिंगला १,८०० मिनिटांचे काम मिळते, म्हणजे दिवसाच्या तिसऱ्या हिश्श्याचे. त्याच भट्टीने दिवसभर फक्त क ओतला, तर १,८०० बॉड्या निघतात आणि २७,००० मिनिटांचे काम तयार होते. जवळजवळ पाच दिवसांचे. फळ्यावर मात्र दोन्ही दिवशी सारखाच आकडा लिहिला जातो.

पडून राहिलेल्या मालाचा हिशेब करायला जॉन लिटल यांचा १९६१ साली सिद्ध झालेला नियम पुरतो: रांगेत सरासरी जेवढा माल असतो, तो म्हणजे बाहेर पडण्याचा वेग गुणिले आत घालवलेला वेळ. विद्यार्थ्यांनी शेडमधला, अंगणातला आणि मशीन शॉपमध्ये गेलेला माल मोजला; तो ७२ टन भरला. रोज ४.८ टन बाहेर जातो. ७२ भागिले ४.८, पंधरा दिवस. यासाठी कोणत्याही नगाच्या मागे फिरावे लागत नाही, फक्त ढीग मोजावा लागतो. या ७२ टनांतला मोठा भाग वेळेआधी तयार झालेल्या बेसचा होता. ग्राहक ते वीस तारखेआधी घेत नसे, म्हणून ते अंगणात पावसात भिजत, गंजत, आणि पाठवण्याआधी पुन्हा घासावे लागत. त्यांत अडकलेल्या पैशावर कॅश क्रेडिटचे व्याज चालू होते ते निराळेच.

ढिगाचा तळ मी स्वतः पाहिला आहे, म्हणून तो सांगतो. महिन्याच्या सव्वीस तारखेला ग्राहकाचा फोन आला: बॉड्या कमी आहेत. सुपरवायझरने लगेच चारशे बॉड्यांचे बॉक्स लावायला सांगितले. मामा हळूच म्हणाले, “माल आहे की हो सर, ढिगात कुठंतरी असंल.” दोन पोरांनी बेसचा ढीग बाजूला केला. तळाशी बॉड्या होत्या, वाळू तशीच चिकटलेली, खडूने लिहिलेली तारीख अर्धी पुसलेली: नऊ. सतरा दिवसांपूर्वी ओतलेला माल, आणि तोच पुन्हा ओतण्यासाठी भट्टी पेटली होती. एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते. पंचवीस तारखेनंतर भट्टीला श्वास का मिळत नाही, या मालकांच्या प्रश्नाचे उत्तर या ढिगाखाली होते.

पुरवठा साखळीचा धागा इथून पुढे ग्राहकापर्यंत जातो. ग्राहकाच्या खरेदी विभागाला ठाऊक होते, की ही फौंड्री सांगितलेल्या बॉड्यांपेक्षा कमी देते. म्हणून ६,००० हव्या असताना शेड्यूलमध्ये ७,००० लिहिल्या जात. फौंड्रीलाही हे ठाऊक होते, म्हणून ती ७,००० मनातल्या मनात ५,५०० धरून चाले. कोअर शॉप त्याहून कमी. टंचाईच्या भीतीने मागणी फुगवणे आणि फुगवलेली म्हणून ती कापणे, या दोन्ही शहाणपणांतून खरी मागणी कोणालाच कळेनाशी होते. साखळीत मागे जाताना मागणीचे हेलकावे मोठे होत जातात, याला इंग्रजी नावावरून बुलव्हिप परिणाम म्हणतात, आणि टंचाईतली ही लपवाछपवी त्याच्या मान्य कारणांपैकी एक आहे. दुसरे कारणही इथे होते: भाडे परवडावे म्हणून दहा टनांची गाडी भरेपर्यंत माल थांबवला जाई. क च्या एका आठवड्याच्या सगळ्या बॉड्या मिळून सहा टनही भरत नाहीत. उद्यमबागेतून कोल्हापूरला रोज किती तरी गाड्या जातात. पार्ट लोडने (इतरांच्या मालासोबत गाडीत थोडी जागा घेऊन) रोजचा माल पाठवला तर किलोला थोडे जास्त पडते, पण ग्राहकाच्या असेंब्लीला रोज थोड्या बॉड्या मिळतात आणि शेड्यूल फुगवायचे त्याचे कारण कमी होते.

मालकांना सुचवलेल्या बदलांपैकी सर्वांत स्वस्त बदल सर्वांत मोठा ठरला. क चा पॅटर्न आणि कोअर बॉक्स झिजले होते. जाड फिन येई ती त्यामुळे. पॅटर्न शॉपच्या खात्यात दुरुस्तीचा खर्च ‘दर टनामागे’ जास्त दिसे, म्हणून ती दोन वर्षे टळली होती. दुरुस्तीनंतर फिन पातळ झाली आणि क चे फेटलिंग १५ वरून १२ मिनिटांवर आले. महिन्याची मागणी १,५०,००० वरून सुमारे १,३०,८५० मिनिटांवर उतरली. एकोणीस हजार मिनिटे वाचली, एकही ग्राइंडर न वाढवता.

दुसरा बदल तपासणीच्या जागेचा. कोअर सरकलेला, मोल्ड पूर्ण न भरलेला, उघडे ब्लो होल (वायूने पडलेले छिद्र) असलेला नग बॉक्स फोडल्यावर डोळ्यांना दिसतो. त्याला ग्राइंडर लावायचे कारण नाही. एक जाणकार माणूस ब्लास्टिंगनंतर, फेटलिंगच्या आधी उभा केला. रिजेक्शनपैकी निम्मे तिथेच वेगळे निघाले आणि मागणी १,२६,९०० मिनिटांच्या आसपास आली, क्षमतेच्या ९१ टक्के. गुणवत्ता तपासणी कुठे ठेवायची, या प्रश्नाला पुस्तकात बरीच उत्तरे आहेत. अडणीच्या जागेआधी ठेवावी, हे उत्तर मला सर्वांत उपयोगी पडले आहे.

तिसऱ्या बदलाला विरोध झाला. रोज तिन्ही प्रकार ठरलेल्या प्रमाणात ओतायचे: रिजेक्शन वगळून ६० बेस, १२० केसिंग, २४० बॉडी. बेरीज बरोबर ४.८ टन. टोयोटाच्या पद्धतीत याला हेइजुंका म्हणतात, उत्पादन समतल करणे. मोल्डिंगचे सुपरवायझर म्हणाले, की दिवसातून तीनदा पॅटर्न प्लेट बदलायची तर तासभर मशीन बंद राहील आणि टन कमी होतील. त्यांचे म्हणणे त्यांच्या मापाने खरे होते. पण भट्टीची तीस टक्के क्षमता मोकळी असताना आणि मोल्डिंग भट्टीच्याच तालावर चालत असताना हा तास कोणाच्या वाट्याचा नव्हता. पुढची प्लेट आणि तिचे बोल्ट आधीच मशीनशेजारी आणून ठेवल्यावर बदलाचा वेळही निम्म्यावर आला. ढिगात जुने-नवे कळावे म्हणून खडूच्या तारखेऐवजी आठवड्याचा रंग ठरवला: पहिला पांढरा, मग पिवळा, लाल, हिरवा. शेडमध्ये मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही चालतात, आणि बऱ्याच जणांना यांतली एकही लिपी वाचता येत नाही. रंग सर्वांना वाचता येतो.

फेटलिंगचा दरही किलोवरून प्रमाणित मिनिटांवर आणावा लागला: अ ला दहा, ब ला बारा, क ला बारा. ठेकेदाराने सुरुवातीला नकार दिला. मालकांनी पहिल्या महिन्यात जुन्या दरापेक्षा कमी मजुरी पडणार नाही याची हमी दिल्यावर तो तयार झाला. इथे मला थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. पगारपत्रकात फेटलिंगचा कामगार सर्वांत खाली असतो. पण ज्याच्या एका मिनिटावर पूर्ण कारखान्याची विक्री अवलंबून आहे, त्याचे मिनिट शेडमधले सर्वांत महाग आहे. असे असूनही मामा पाळीत कितीदा उठत, स्वतः माल ओढून आणत, झिजलेले चाक बदलायला स्टोअरपर्यंत जात. एक मदतनीस दिला, चाकांचा डबा शेडमध्येच ठेवला. आणि धूळ ओढून घेणारे पंखे व नीट मास्क हा खर्च मी अहवालात सर्वांत वर लिहायला लावला. ही धूळ सिलिकाची आहे. तिने फुप्फुसे कायमची निकामी होतात, आणि सिलिकोसिस झालेल्या माणसाला पुन्हा बरे करणारे औषध नाही. रोपलागणीला किंवा जत्रेला गावी गेलेला कामगार परत का येत नाही, याची कारणे मजुरीच्या दरात जेवढी असतात तेवढीच या शेडच्या हवेत असतात. विद्यार्थी हे कल्याणाच्या कलमाखाली टाकायला निघाले होते. ते क्षमतेच्या कलमाखाली आहे.

भावाचा प्रश्न उरतो, आणि तो मी वर्गात शेवटी काढतो, कारण तो वाटतो तेवढा सोपा नाही. माल किलोच्या दराने विकला जातो. बदलता खर्च वजा जाता अ वर किलोला १२ रुपये उरतात असे धरू, ब वर १८ आणि क वर ४५. मालकांना क चा अभिमान होता तो यामुळेच. टनामागे त्याच्याइतके कोणीच देत नव्हते. पण फेटलिंगच्या एका मिनिटामागे पाहिले, तर अ ४८ रुपये देतो, ब १८, आणि क दुरुस्तीपूर्वी फक्त १२, दुरुस्तीनंतर १५. म्हणून क सोडून द्यावा का? बरेच विद्यार्थी लगेच हो म्हणतात. पण तिन्ही नग एकाच ग्राहकाचे आहेत आणि व्हॉल्व्हची बॉडी देणारी फौंड्री म्हणूनच बेसचे काम इथे आले आहे. नुसता ठोकळा ओतून देणारे कोल्हापुरात शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत पुष्कळ आहेत. क चा भाव मिनिटांवर मागता येईल का, की त्याची मिनिटे आणखी कमी करता येतील, हे खरे पर्याय. त्यासाठी ग्राहकाच्या डिझाइन विभागाशी बोलून सांध्याची रेषा हलवता येईल का ते पाहावे लागेल, म्हणजे प्रश्न पुन्हा साखळीचाच होतो.

कर्जाचा अर्ज बँकेत गेला नाही. फळ्यावर आता चार ओळी आहेत: आजचे बेस, केसिंग आणि बॉडी नगांत, आणि फेटलिंगची मिनिटे. टनांचा आकडा मालकांनी पुसायला सांगितला नव्हता. तो लिहायचा हळूहळू राहून गेला. तीन महिन्यांनी शेडमधला माल मोजला तेव्हा तो ३० टनांच्या खाली होता, म्हणजे ओतल्यापासून गाडीत चढेपर्यंत सहा दिवस.

त्याच सुमारास ग्राहकाने विचारणा केली: दरमहा क च्या आणखी १,००० बॉड्या द्याल का, किलोला चांगला वाढीव भाव देऊ. मालकांनी या खेपेस आधी मिनिटांचा हिशेब केला. नवीन बॉड्यांना, रिजेक्शन धरून, सुमारे १२,४०० मिनिटे लागतील. एकूण १,३९,३०० होतील आणि क्षमता १,४०,००० आहे. कागदावर बसते, सातशे मिनिटे उरतातही. पण रांगेच्या गणितात प्रतीक्षा वापराच्या प्रमाणात वाढत नाही. वापर भागिले उरलेली मोकळीक, अशी ती वाढते: ९१ टक्क्यांना तो आकडा दहा येतो आणि साडेनव्याण्णव टक्क्यांना जवळजवळ दोनशे. एक कामगार ताप येऊन घरी राहिला, दुपारी वीज दोन तास गेली, की ढीग पुन्हा वाढायला लागेल. मालकांना शनिवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. विद्यार्थ्यांनी त्यांच्या जागी बसून ग्राहकाला पाठवायचे एका पानाचे पत्र लिहावे: बॉड्या किती, कोणत्या महिन्यापासून, कोणत्या भावाने, आणि त्याआधी शेडमध्ये काय बदलून.